परत न येणारी लाट

विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी वाजविली म्हणजे ती अनेक वेळा ऐकू येते, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी सहलीच्या निमित्ताने अनुभविले असेल. ध्वनीची लाट भिंतीवर आदळते, परत फिरते आणि आपल्या कानी येते, हाच प्रतिध्वनी. प्रतिध्वनी उत्पन्न करण्यास कसलेही यंत्र लागत नाही. मोकळी खोली व गुळगुळीत भिंत असली की काम भागते. परंतु ह्याच्या उलट काम, म्हणजे आलेली लाट भिंतीने निमूटपणे पोटात घ्यावी आणि तिचा मागमूसही परत येऊ नये, हे मात्र फार अवघड आहे. प्रस्तुत लेखात आम्ही ध्वनीच्या नव्हे, तर सूक्ष्मतरंगांच्या बाबतीत हे काम कसे साधतात, आणि त्यातही एकाच लाटेपुरते नव्हे तर लाटांच्या रुंद पट्ट्यापुरते कसे साधतात, ह्याचा विचार करणार आहोत.

सूक्ष्मतरंग म्हणजे प्रकाशाच्याच जातीच्या विद्युच्चुंबकीय लाटा होत. भेद इतकाच की प्रकाशाची लाट मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते, आणि सूक्ष्मतरंगाची लाट साधारणतः एक मिलीमीटरपासून एक मीटरपर्यंत लांब असते. दोहोंचा वेग एकच, सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर. ह्या वेगास एका सेकंदातील कंपनांच्या संख्येने, म्हणजे वारंवारतेने, भागले की तरंगलांबी मिळते. दहा गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास एक हजार कोटी कंपने. त्या लाटेची लांबी तीन सेंटिमीटर भरते. आज मुरगुडासारख्या गावीही ह्या लाटांवाचून दिवस जात नाही. घराच्या छपरावरील दूरदर्शनची तबकडी उपग्रहाकडून अडीच सेंटिमीटरांच्या सुमाराची लाट झेलते. मोबाइलचा मनोरा सुमारे हातभर लांबीपासून वीतभराहूनही आखूड अशा लाटा पाठवितो. आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी सुमारे बारा सेंटिमीटरांच्या लाटेने अन्न तापविते. त्या भट्टीच्या दारावरील बारीक छिद्रांची जाळी पाहावी. प्रकाशाची लाट छिद्रापुढे अतिशय सूक्ष्म म्हणून ती सहज बाहेर येते व आतील पदार्थ दिसतो. बारा सेंटिमीटरांच्या लाटेस मात्र तीच जाळी सलग पत्र्यासारखी वाटते व ती मागे फिरते. लाटेच्या मानाने बारीक अशी रचना लाटेस एकजीव द्रव्याप्रमाणे भासते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

आता कोणी विचारील की, लाट परत न येण्यात लाभ तो कोणता? पहिला उपयोग संरक्षणाचा. रडार हे यंत्र सूक्ष्मतरंग सोडते, विमानावरून वा जहाजावरून परत आलेली क्षीण लाट पकडते, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढते. लाट परतलीच नाही तर रडारास काही दिसत नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली व १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झालेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका पाहिली, तर तिच्या भिंती तिरप्या दिसतात. आलेली लाट रडारकडे न परतता भलतीकडे जावी, ही त्यातील युक्ती. जेथे आकार बदलता येत नाही तेथे लाट शोषून घ्यावी लागते. दुसरा उपयोग शांततेचा, आणि आमच्या मते तो अधिक मोलाचा आहे. रुग्णालयातील उपकरण शेजारच्या फोनच्या लाटांनी बिघडते की नाही, नवीन अँटेना कोणत्या दिशेस किती शक्ती पाठविते, ह्याचे मापन जेथे भिंतींवरून एकही लाट परत येत नाही अशाच दालनात बिनचूक होते. अशा दालनास प्रतिध्वनिरहित कक्ष म्हणतात.

शोषणाचे मर्म समजण्यास दूर जावयास नको. पावसाळ्यानंतर आपल्या सर पिराजीराव तलावाच्या काठी उभे राहून पाण्यावरील तरंगांकडे पाहावे. जेथे उभा दगडी बांध लागतो तेथे तरंग आदळून मागे फिरतात. जेथे काठ हळूहळू उथळ होत जातो तेथे तेच तरंग वर चढत चढत, फेसाळत विरून जातात. दोन्ही ठिकाणी पाणी तेच व वाराही तोच. फरक केवळ लाटेचे स्वागत कसे झाले ह्याचा. एकाएकी आलेला बदल लाटेस परतवितो; सावकाश आलेला बदल तिला आत घेतो. म्हणूनच केवळ काळा रंग दिला अथवा कोळशाची जाड भिंत उभारली म्हणजे शोषण होते, हा समज खोटा आहे. भिंत लाटेस दारातच अडवील, तर आत कितीही भूक असून उपयोग नाही. चांगल्या शोषकाची कामे दोन: प्रथम लाटेस विनाअडथळा आत येऊ देणे, आणि मग तिची शक्ती उष्णतेत रूपांतरित करणे. पहिल्या कामाचे मोजमाप शास्त्रज्ञांनी एका संख्येत बसविले आहे. मोकळ्या अवकाशात लाटेतील विद्युत्क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र ह्यांचे जे प्रमाण असते त्यास अवकाशाचा संरोध म्हणतात, व तो सुमारे ३७७ ओहम भरतो. शोषकाच्या पृष्ठभागी हाच संरोध आढळला, तर आपण एका प्रदेशातून दुसऱ्यात शिरलो ह्याची वार्ताही लाटेस लागत नाही.

ही कल्पना प्रथम अगदी साध्या रूपात आणणारांपैकी अमेरिकेतील विनफील्ड सॅलिसबरी हे एक होत. त्यांस १९५२ साली ह्याविषयीचे पेटंट मिळाले. त्यांची रचना समजण्यास एक दोरी पुरे. दोरीचे एक टोक खांबास घट्ट बांधून दुसरे हलवीत राहावे. बांधलेले टोक हलत नाही. परंतु तेथून पाव तरंगलांबीवर दोरीचे हेलकावे सर्वांत मोठे असतात. तद्वत्, धातूच्या पत्र्यावर लाटेचे विद्युत्क्षेत्र शून्य असते, व त्यापुढे पाव तरंगलांबीवर ते सर्वाधिक असते. नेमके तेथेच ३७७ ओहमांचे विद्युत्‌रोधी पातळ कापड ताणून बसविले, तर लाटेची सर्व शक्ती त्या कापडात जिरते व तेथे उष्णता होते. दहा गिगाहर्ट्झच्या लाटेकरिता हे अंतर साडेसात मिलीमीटर होय. परंतु आता वीस गिगाहर्ट्झची लाट आली असे समजा. तिची लांबी दीड सेंटिमीटर. म्हणजे तेच साडेसात मिलीमीटर तिच्या लेखी पाव नव्हे, तर अर्धी तरंगलांबी झाले. अर्ध्या लांबीवर दोरी पुन्हा स्तब्ध असते! कापडाच्या हाती काही लागत नाही आणि लाट जशी आली तशी परत जाते. एका लाटेस पूर्ण गिळणारी भिंत दुसरीपुढे अशी निरुपयोगी ठरते. रुंद पट्ट्याचा प्रश्न तो हाच.

ह्यावर जुना व खात्रीचा उपाय तलावाच्या उतरत्या काठाचाच आहे. प्रतिध्वनिरहित कक्षाच्या भिंतींवर कोळशाची पूड मुरविलेल्या स्पंजाचे शेकडो सुळके ओळीने बसवितात. सुळक्यांच्या टोकांशी हवा पुष्कळ व द्रव्य थोडे; मुळाशी हवा नाही व द्रव्यच सारे. लाट हळूहळू आत शिरते आणि विरते. उपाय उत्तम, पण लांब लाटांकरिता सुळके हातभर व त्याहूनही मोठे करावे लागतात. असे काटेरी ओझे विमानाच्या पंखावर किंवा लहान यंत्राच्या पेटीत कोण बसविणार? शोषक पातळही हवे आणि रुंद पट्ट्याचेही हवे, अशी दुहेरी मागणी पुढे आली, आणि तिच्यातून मेटामटेरियलचा उपयोग सुचला.

‘मेटा’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पलीकडे’. सामान्य द्रव्याचे गुण त्याच्या अणुरेणूंवर अवलंबून असतात; मेटामटेरियलचे गुण त्यात मुद्दाम घडविलेल्या लहान लहान आकृत्यांवर अवलंबून असतात. भट्टीच्या जाळीप्रमाणे आकृती लाटेहून पुष्कळ लहान असल्या, की लाट त्यांस निरनिराळ्या न मानता एकच द्रव्य मानते. ह्या विचाराचे एक फार जुने उदाहरण आपल्याच देशातील आहे, हे विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनी कलकत्त्यास आपल्या हातांनी बनविलेल्या उपकरणांतून सेंटिमीटरभर लांबीच्या सूक्ष्मतरंगांवर प्रयोग केले, आणि १८९८ साली असे दाखविले की तागाच्या पिळलेल्या जुड्यांतून जाताना लाटेच्या कंपनाचे प्रतल फिरते. उजवा पीळ असता एका बाजूस, डावा असता दुसऱ्या बाजूस. ताग तोच. गुण आला तो पिळाचा! पुढे १९६७ साली रशियन शास्त्रज्ञ वेसेलागो ह्यांनी निसर्गात न आढळणाऱ्या द्रव्यगुणांचे गणित मांडले. १९९९ साली इंग्लंडात पेंड्री ह्यांनी तांब्याच्या तुटक कड्यांतून तसे गुण कसे घडतील हे दाखविले. आणि २००८ साली अमेरिकेत लँडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याच मार्गाने पातळ शोषक तयार करून साडेअकरा गिगाहर्ट्झच्या सुमारास ८८ टक्क्यांहून अधिक शोषण प्रत्यक्ष मोजले.

असा शोषक दिसण्यात अगदी साधा असतो. रेडिओ किंवा मोबाइल उघडला असता आत जो हिरवा तक्ता दिसतो, त्याच जातीच्या तक्त्याच्या मागील बाजूस तांब्याचा सलग थर, मध्ये काचतंतू व राळ ह्यांचा पातळ थर, आणि पुढील बाजूस तांब्याच्या लहान चौकोनांची वा कड्यांची नक्षी, एवढाच त्याचा संसार. प्रत्येक चौकोन म्हणजे एक सूक्ष्म वाद्य समजावे. मिरजेस बनणाऱ्या सतारीत मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात. त्यांस कोणी छेडीत नाही, तरी आपला स्वर वाजताच त्या आपोआप झंकारतात. ह्यालाच अनुनाद म्हणतात. त्याचप्रमाणे योग्य वारंवारतेची लाट येताच चौकोनात विद्युत्प्रवाह जोराने डोलू लागतो, मागील तांब्यात उलट दिशेचा प्रवाह उठतो, आणि दोन्ही मिळून विद्युत् व चुंबकीय असा दुहेरी प्रतिसाद देतात. चौकोनाची बाजू व थराची जाडी योग्य निवडली, म्हणजे पृष्ठभागाचा संरोध बरोबर ३७७ ओहमांवर येतो, आणि आत आलेली शक्ती राळेत व तांब्यात उष्णता होऊन जिरते. हे सारे तरंगलांबीच्या विसाव्या भागाहूनही पातळ तक्त्यात घडू शकते. परंतु तरफेच्या तारेचा जो स्वभाव तोच येथेही आडवा येतो. ती आपल्याच स्वरास साद देते. शेजारच्या स्वरास देत नाही.

मग पट्टा रुंद करावयाचा कसा? ह्याच्या मुख्य वाटा चार आहेत. पहिली, एकाच घरात लहानमोठे अनेक चौकोन बसवावयाचे, म्हणजे जवळजवळच्या स्वरांच्या अनेक तारा लावावयाच्या. त्यांचे प्रतिसाद एकमेकांत मिसळून सलग पट्टा होतो. दुसरी, हे चौकोन शेजारी न ठेवता मोठ्यावर लहान असे थर रचून बुटके मनोरे करावयाचे. चीनमधील संशोधकांनी २०१२ साली अशा मनोऱ्यांनी ७.८ पासून १४.७ गिगाहर्ट्झपर्यंत ९० टक्क्यांहून अधिक शोषण मोजले. तिसरी, तांब्याऐवजी कोळशाची शाई वापरावयाची, अथवा कड्यांच्या फटीत बारीक रोधक जोडावयाचे. तारेवर लोकरीचा तुकडा टेकविला म्हणजे तिचा झंकार मंदावतो, परंतु ती आजूबाजूच्या स्वरांसही थोडीथोडी हलू लागते. तसेच हे आहे. चौथी वाट चुंबकीय द्रव्याची. तिचा विचार पुढे येईल. ह्याशिवाय नक्षी चारही बाजूंनी सारखी ठेवावी लागते, नाहीतर उभ्या कंपनाची लाट शोषली जाते व आडव्या कंपनाची परतते. लाट तिरपी आली तरी काम चालावे, हीही काळजी घ्यावी लागते.

एवढ्या युक्त्या हाती आल्यावर कागदाइतका पातळ आणि सर्व लाटा गिळणारा शोषक बनविता येईल, असे कोणास वाटेल. तसे होत नाही. इसवी सन २००० मध्ये मॉस्कोचे शास्त्रज्ञ रोझानोव्ह ह्यांनी गणिताने सिद्ध केले की, धातूच्या पाठीवर बसविलेल्या कोणत्याही शोषकाला, मग त्यातील नक्षी कितीही चतुर असो, पट्ट्याच्या रुंदीच्या मानाने किमान जाडी लागतेच. चुंबकीय द्रव्य नसता, आणि पट्टाभर दहांतील एकच भाग परत यावा अशी अट असता, हा नियम सातवी-आठवीच्या मुलांसही वापरता येईल: पट्ट्यातील सर्वांत लांब लाटेतून सर्वांत आखूड लाट वजा करावी व उत्तरास १७.२ ने भागावे. शोषक ह्याहून पातळ होऊ शकत नाही. आठ ते बारा गिगाहर्ट्झचा पट्टा घ्या. लाटा ३.७५ व २.५ सेंटिमीटर, वजाबाकी १.२५, आणि भागाकार केला असता किमान जाडी सुमारे ०.७३ मिलीमीटर. आता दोन ते अठरा गिगाहर्ट्झचा पट्टा घ्या. लाटा १५ व १.६७ सेंटिमीटर, वजाबाकी १३.३३, आणि किमान जाडी सुमारे ७.८ मिलीमीटर. शंभरांतील एकच भाग परत यावा असे म्हटल्यास जाडी दुप्पट. लांब लाटांचा लोभ धरला की जाडी कशी झपाट्याने वाढते, हे येथे स्पष्ट दिसते. चांगल्या रचनाकाराचे पहिले काम नक्षी काढणे हे नसून ही वजाबाकी करणे हे आहे. आपली मागणी मुळात शक्य आहे की नाही, हे त्याला तिच्यावरून कळते.

ह्या नियमात पळवाट नसली तरी एक सवलत आहे: द्रव्य चुंबकीय असेल, तर त्याच्या चुंबकत्वाच्या पटीने जाडी कमी करता येते. लोहाच्या ऑक्साइडात निकेल, जस्त इत्यादी मिसळून भाजलेले फेराइट नावाचे काळे, मडक्यासारखे ठिसूळ द्रव्य येथे उपयोगी पडते. जुन्या रेडिओतील अँटेनाची काळी कांडी ह्याचीच असते. मापनकक्षांत सहा-सात मिलीमीटर जाडीच्या फेराइटच्या फरशा दहा मीटर लांबीच्या लाटेसही पुष्कळशी शोषून घेतात. परंतु हॉलंडमधील शास्त्रज्ञ स्नूक ह्यांनी १९४८ सालीच दाखवून दिले होते की, फेराइटचे चुंबकत्व जितके मोठे तितके ते कमी वारंवारतेवरच थकते. म्हणून सूक्ष्मतरंगांकरिता कोणते मिश्रण, किती भाजलेले व किती जाड घ्यावे, ह्याचा शोध धिमेपणाने करावा लागतो. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या विभागातील संशोधकांनी फेराइटच्या थरांवर सूक्ष्मतरंगांचा परिणाम मोजण्याचे असे काम केलेले आहे, ही गोष्ट ह्या भागातील विद्यार्थ्यांस उत्साह देणारी आहे.

नक्षी ठरल्यावर संगणकाकडून मॅक्सवेलच्या समीकरणांची उत्तरे काढवितात, मापे पुनःपुन्हा बदलतात, आणि समाधान झाल्यावर तक्ता छापून घेतात. शेवटची परीक्षा मापनाची. एका कर्ण्यातून लाट सोडून दुसऱ्याने परावर्तन झेलावयाचे. प्रथम कोऱ्या धातूच्या पत्र्यावरून, मग तेवढ्याच शोषकावरून, आणि दोहोंचे प्रमाण काढावयाचे. महाराष्ट्रात सूक्ष्मतरंगांच्या कामाचे मोठे केंद्र म्हणजे मुंबईतील ‘समीर’ ही संस्था. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ साली निघालेल्या एका विभागातून १९८४ साली तिचा जन्म झाला. अंबरनाथ येथे नौदलाकरिता द्रव्यांचे संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. कानपूरच्या आय.आय.टी.ने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘अनालक्ष्य’ नावाचे मेटामटेरियलचे आच्छादन लोकांपुढे आणले, हे वृत्त पुष्कळांनी वाचले असेल.

अशा वृत्तांत ‘अदृश्य’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून येथे थोडा हिशेब सांगणे आम्हास अवश्य वाटते. रडारकडे परतणारी शक्ती अंतराच्या चतुर्थ घाताने क्षीण होते. म्हणून परावर्तन दशांशावर आणले तरी रडारची पोच दशांश होत नाही. जे विमान शंभर किलोमीटरांवर दिसले असते ते छप्पन्न किलोमीटरांवर दिसते. शतांशावर आणले तर बत्तीसांवर. हा लाभ मोठा आहे व त्याने प्राण वाचू शकतात. परंतु तो जादूचा टोप नव्हे.

दुसरा हिशेब पालकवर्गाकरिता. मोबाइलच्या पाठीवर चिकटविली की सर्व किरण शोषून घेते, अशी चकती काही ठिकाणी शेकड्यांनी रुपये घेऊन विकतात. वरील नियम तिला लावून पाहू. फोनचा पट्टा ०.७ पासून ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत धरला, तर लाटा सुमारे ४२.९ व ८.६ सेंटिमीटर; वजाबाकी ३४.३, आणि १७.२ ने भागता जवळजवळ दोन सेंटिमीटर! म्हणजे चुंबकीय द्रव्यावाचून तो पट्टा गिळावयाचा, तर धातूच्या पाठीवर दोन सेंटिमीटरांचा थर हवा, आणि तोही फोनभर. कागदासारख्या चकतीस हे साधणे नाही. आणि समजा, साधलेच, तरी मनोऱ्याशी बोलावयाची लाटच नाहीशी झाल्यावर फोन कशाचा? अर्धवट अडथळा झाला, तर फोन मनोऱ्याशी संबंध टिकविण्यासाठी आपली शक्ती उलट वाढवितो. तेव्हा ह्या चकतीवर खर्च करण्यापूर्वी घरातील शाळकरी मुलाकडून ही वजाबाकी व भागाकार करवून घ्यावा, अशी आमची पालकांस विनंती आहे.

विद्यार्थिमित्रहो, ह्या विषयात अजून पुष्कळ काम उरले आहे: पातळ परंतु उष्णता सोसणारे, वाकविले असता न तुटणारे, पावसात न कुजणारे शोषक हवे आहेत. त्यांकरिता लागणारी विद्या तुमच्या वर्गातच सुरू होते. लाटेची लांबी काढणे, दोरीवर स्थिर तरंग उठविणे, ओहमचा नियम पडताळणे, ही तिची मुळाक्षरे होत. आचार्य बोसांपाशी ताग होता व तो पिळण्याची कल्पना होती. साधने थोडी असली तरी मापन चोख असावे, आणि मोठा दावा कानी पडताच प्रथम त्याची जाडी मोजावी, एवढी सवय शाळेत लागली तरी शास्त्राच्या अभ्यासाचे पुष्कळसे सार्थक झाले असे आम्ही समजू.